म्हातारपणाचा विसर आणि मेंदूतला चिटबॉय



लागणीच्या नोंदी चालू असताना आमच्या गट ऑफिसात एक वडीलधारे सभासद आठवड्यात तीनदा आले आणि तिन्ही वेळा त्याच उसाची नोंद सांगून गेले. तिसऱ्या खेपेला मुलगा सोबत होता. "वय झालं साहेब, चालायचंच," म्हणून तो हसला. आम्हीही हसलो. पुढे आबांना स्वतःच्या मळ्याची वाट सापडेना, तेव्हा घरचे डॉक्टरांकडे गेले. हसलो ते आमचे चुकलेच, म्हणून हे लिहीत आहोत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांत सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातला मोठा प्रकार अल्झायमरचा. आम्ही शेतकी पदविकावाले, डॉक्टर नव्हे. पण पेशीचा कारभार उसात नि माणसात पुष्कळसा सारखाच.

शेतकी ऑफिसात नोंदींचे रजिस्टर असते, तसे पेशीत डी.एन.ए. रजिस्टर कोणी फडात नेत नाही. त्यावरून चिठ्ठी निघते. पेशीतली चिठ्ठी म्हणजे आर.एन.ए. आणि तिच्याबरहुकूम तयार होतात ती प्रथिने. परंतु माणसाच्या रजिस्टरात प्रथिनांचा मजकूर शंभरात जेमतेम दोन भाग. बाकीचा बराचसा भाग पूर्वी रद्दी समजत. त्यातूनही आर.एन.ए. निघतो, पण त्याचे प्रथिन होत नाही. मग तो करतो काय? चिटबॉयचे काम! चिटबॉय कोयता धरीत नाही, पण चिठ्ठ्या त्याच्या हाती असतात. असा पहिला छोटा आर.एन.ए. अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकुन या अमेरिकन शास्त्रज्ञांना मिलिमीटरभर सूत्रकृमीत सापडला. १९९३ साली तो प्रसिद्ध झाला, २०२४ साली त्यांना नोबेल मिळाले.

आता मेंदूत काय बिघडते ते पाहू. बेस-१ नावाचे विकर तिथे एका मोठ्या प्रथिनाची तोडणी करते. तुकडे फार झाले, उचल झाली नाही, की ते मज्जापेशींभोवती साचतात. २००८ साली काही रुग्णांच्या मेंदूत असे आढळले की, बेस-१ ची चिठ्ठी थांबवणारा मायक्रो-आर.एन.ए.-२९ कमी पडला होता. त्याच वर्षी उलट कामाचा एक लांब आर.एन.ए. सापडला, तो ती चिठ्ठी फाटूच देत नाही. एक चिटबॉय गैरहजर, दुसरा तोडणी वाढवणारा!

मात्र एवढेच कारण नव्हे. बेस-१ अडवणारी औषधे मोठ्या चाचण्यांत उपयोगी पडली नाहीत, आणि आर.एन.ए.वर आधारलेले अल्झायमरचे औषध अद्याप मंजूर नाही. तशी पुडी कोणी विकू लागला तर पैसे घालवू नका.

तेच तेच विचारणे, हिशेब चुकणे, ओळखीची वाट चुकणे अशी चिन्हे दिसताच नाशिकला जिल्हा रुग्णालयात किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, उदासीनता यांनीही विसर पडतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो. रक्तदाब, मधुमेह ताब्यात ठेवावा, तंबाखू सोडावी, ऐकू कमी येत असल्यास यंत्र घ्यावे. जमिनीचे कागद, शेअरची वारस नोंद ही कामे वडिलांना नीट समजते आहे तोवर, त्यांच्याच मर्जीने करावीत.

यापुढे कोणी आबा त्याच नोंदीसाठी पुन्हा आले, तर आम्ही हसणार नाही; घरी निरोप धाडू. घरच्यांनीही हसण्यावारी नेऊ नये, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी