ट्रेकसाठी पॉवर बँक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या सॅकमध्ये आता टॉर्चच्या शेजारी पॉवर बँक असतेच, आणि ती असायलाच हवी. वाटेचा नकाशा फोनमध्ये, परतीच्या गाडीवाल्याचा नंबर फोनमध्ये, आणि कुणाचा पाय मुरगळला तर ११२ लाही फोनवरूनच कळवायचं. डोंगरात चार्जिंग संपणं म्हणजे नुसते फोटो हुकणं नव्हे. म्हणून पॉवर बँक घेताना जाहिरातीवर विसंबू नये. दुकानात आणि ट्रेकच्या ग्रुपवर वारंवार ऐकू येणाऱ्या काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज १: १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर ५,००० एमएएचचा फोन दोनदा फुल होतो.

वस्तुस्थिती: तो साधारण दीडदा होतो. पुठ्ठ्यावर ठळक छापलेला आकडा आतल्या सेलचा असतो, आणि तो सेल ३.७ व्होल्टचा असतो. यूएसबीतून वीज बाहेर येते ती किमान ५ व्होल्टने. १०,००० एमएएचला ३.७ ने गुणलं की ३७ वॅट-अवर होतात. हीच ऊर्जा ५ व्होल्टने मोजली तर ७,४०० एमएएच भरते. व्होल्टेज वाढवताना थोडी वीज उष्णतेच्या रूपाने जाते, त्यामुळे हाती सहा-साडेसहा हजार उरतात. पॉवर बँक उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. तिथे ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून हाच छोटा आकडा दिलेला असतो. खरेदी त्याच्यावर करावी. हा आकडा कुठेच छापलेला नसेल, तर ती वस्तू परत ठेवलेली बरी.

गैरसमज २: सोलर पॉवर बँक घेतली की चार्जिंगची काळजी मिटली.

वस्तुस्थिती: हा हिशेब कुणालाही करता येतो. पंधरा सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद पॅनेलवर भर दुपारी, सूर्याकडे नेमकं तोंड करून ठेवलं तर, सुमारे ११ वॅटचं ऊन पडतं. त्यातलं वीस टक्के विजेत उतरलं असं धरलं, तर मिळतात जेमतेम सव्वादोन वॅट. ३७ वॅट-अवर भरायला कडक उन्हाचे सतरा तास लागतील, तेही काहीही वाया न जाता. सॅकच्या पाठीवर हेलकावणाऱ्या पॅनेलला असं ऊन मिळत नाही, आणि पावसाळी ट्रेकला तर प्रश्नच मिटला. शिवाय लिथियमचे बहुतेक सेल ४५ अंशांपेक्षा गरम झाल्यावर चार्ज करू नयेत. उन्हात तापलेल्या कातळावर ठेवलेली काळी पॉवर बँक तिथवर लवकर पोहोचते आणि तिचं आयुष्य घटतं. अनेक दिवस वीज मिळणार नसेल, तर १५-२० वॅटचं घडीचं पॅनेल वेगळं न्यावं आणि पॉवर बँक सावलीत ठेवून चार्ज करावी.

गैरसमज ३: जितकी मोठी, तितकी चांगली.

वस्तुस्थिती: १०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण पाव किलोच्या आत असते, २०,००० ची साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम भरते. कळसूबाईला सकाळी चढून संध्याकाळी उतरणाऱ्याला दुसरीची गरज नाही. विमानाने हिमालयात जाणाऱ्यांनी आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी: १०० वॅट-अवर, म्हणजे सुमारे २७,००० एमएएच, यापेक्षा मोठी पॉवर बँक विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाही. आणि कोणत्याही आकाराची असो, ती हातातल्या सामानातच न्यावी लागते. चेक-इन बॅगेत ती चालत नाही.

गैरसमज ४: जास्त वॅटची पॉवर बँक फोनची बॅटरी खराब करते.

वस्तुस्थिती: किती वीज घ्यायची ते फोन ठरवतो. १८ वॅट घेणारा फोन ६५ वॅटच्या पॉवर बँकेतूनही १८ च घेतो. म्हणजे भीतीचं कारण नाही, पण त्यासाठी जादा पैसे मोजण्याचंही नाही. त्यापेक्षा पॉवर बँक स्वतः किती वेगाने भरते ते पाहा. २०,००० एमएएचची बँक १० वॅटच्या जुन्या चार्जरवर भरायला आठ-दहा तास घेते. शुक्रवारी ऑफिसातून येऊन रात्री निघणाऱ्याला एवढा वेळ नसतो. केबलही चांगली आणि आखूड घ्यावी. वायरलेस चार्जिंगमध्ये वीज जास्त वाया जाते, म्हणून ते घरीच ठीक.

गैरसमज ५: ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय, म्हणजे पावसात चालेल.

वस्तुस्थिती: शब्द पाहू नका, आयपी क्रमांक पाहा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास वस्तू टिकेल. पण रबरी झाकण उघडून केबल लावली की अनेक मॉडेलांत हे संरक्षण संपतं. ओल्या पोर्टमध्ये केबल घालू नये. शॉर्ट होण्याचा धोका असतो. जुलै-ऑगस्टच्या सह्याद्रीत साधी पॉवर बँक झिपलॉक पिशवीत, कोरड्या कपड्यांच्या मधोमध ठेवली तरी काम भागतं.

गैरसमज ६: थंडीत बॅटरी उतरली म्हणजे पॉवर बँक बाद झाली.

वस्तुस्थिती: गारठ्यात लिथियम सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि चार्ज असूनही तो बाहेर येत नाही. ऊब मिळाली की बराचसा परत मिळतो. हिमालयात रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं. शून्याखाली गारठलेला सेल मात्र चार्ज करू नये. त्याने कायमचं नुकसान होतं.

मग घ्यायची कोणती? एक दिवस किंवा एका मुक्कामाच्या ट्रेकसाठी १०,००० एमएएच पुरते. तीन-चार दिवसांसाठी किंवा दोघांत मिळून २०,००० घ्यावी. मागच्या बाजूला बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक हवाच. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो खरा आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. फुगलेली पॉवर बँक कितीही महागाची असली तरी वापरू नये, टोचू नये; ई-कचऱ्यात द्यावी.

चार्जिंग वाचवणं हे विकत घेण्याइतकंच महत्त्वाचं. दरीत, घळीत रेंज शोधता शोधता फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. नकाशा आधीच डाउनलोड करून फ्लाइट मोड लावला तरी जीपीएस चालू राहतं. ग्रुपमधल्या एकाचा फोन मात्र चालू असू द्या.

निघण्याच्या आठवडाभर आधी घरीच एक चाचणी घ्या. फोन उतरवा आणि जी केबल नेणार आहात, तिनेच पॉवर बँकेवरून चार्ज करा. भरलेली बँक रिकामी होईपर्यंत फोन किती वेळा भरला, तो तुमचा खरा आकडा. त्यातला पाव हिस्सा अडीअडचणीसाठी राखून उरलेल्यात ट्रेक बसवा.