शेतकऱ्याच्या घरातील टांगती साठवण

शहरातील नोकरदाराच्या घरापेक्षा शेतकऱ्याच्या घरात सांभाळावयाच्या बाबी कितीतरी अधिक असतात. खावयाचे धान्य, पेरावयाचे बी, दुभत्याची भांडी, विळे-खुरपी, दावी-कासरे, अंथरुणे-पांघरुणे आणि जमिनीचे कागद ही सारी मंडळी एकाच छपराखाली नांदत असतात. त्यांची नासाडी होते ती बहुधा चोराकडून होत नाही. ती ओल, वाळवी, मुंग्या, उंदीर व घुशी यांच्याकडून होते; आणि हे पाचही शत्रू जमिनीच्या व भिंतीच्या आश्रयानेच चाल करून येतात. असे असता आपण घरातील प्रत्येक वस्तू जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवतो, आणि डोक्यावरील मोकळी जागा मात्र कोळ्यांना आंदण देतो! ही जागा उपयोगात कशी आणावी, याविषयी चार शब्द आमच्या शेतकरी बंधूंपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे.

ही विद्या आपल्याला नवी नाही. जुन्या घरातील तुळईस शिंकी असत, वाशांना कणसांच्या जुड्या असत, दोन दोरांवर आडवी टांगलेली बांबूची दांडी वाकळा-गोधड्यांचा भार वाही, आणि भिंतीतील खुंट्यांवर पागोट्यापासून पखालीपर्यंत सर्व काही असे. शिंके तुटावे आणि बोक्याचे फावावे, ही म्हण ज्या समाजात निपजली त्या समाजात शिंक्याची महती निराळी सांगावयास नको. परंतु मातीची व लाकडाची घरे जाऊन स्लॅबची घरे आली, तेव्हा तुळई गेली, तुळईबरोबर कडी गेली व कडीबरोबर शिंकेही गेले. घर पक्के झाले खरे, पण लसूण कोपऱ्यात सडू लागला आणि कागद पलंगाखाली गेले.

सबब, ज्यांचे घर अजून बांधावयाचे आहे त्यांनी एक गोष्ट अवश्य करावी. स्लॅब ओतण्यापूर्वी स्वयंपाकघर, माजघर व ओसरी येथे १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या सळईच्या कड्या लोखंडी जाळीत नीट अडकवून सोडण्यास गवंड्यास सांगावे. त्या वेळी हा खर्च किरकोळ असतो; पुढे स्लॅबला भोके पाडणे हे खर्चाचे व जोखमीचे काम होते. ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनी समोरासमोरच्या दोन भिंतींत एक लोखंडी नळी आडवी बसवून घ्यावी. जुन्या तुळईचे बरेचसे काम ती करते. पंख्याच्या कडीस मात्र दुसरा भार लावू नये, आणि विजेच्या तारांच्या नळीस तर काहीच टांगू नये.

आता एकेका बाबीचा विचार करू. प्रथम शिंके. शिंके नुसते उंच बांधल्याने उंदीर थांबत नाही. उंदीर जागच्या जागी दोन ते तीन फूट वर आणि सुमारे चार फूट आडवा उडी मारू शकतो, व दोरीवरून उतरणे हा तर त्याचा हातचा मळ आहे. म्हणून शिंके भिंत, फडताळ व उतरंड यांपासून चार फूट दूर असावे, आणि दोरीच्या मध्यावर निदान एक फूट व्यासाची पत्र्याची गोल चकती ओवून तिच्याखाली पक्की गाठ मारावी. चकती सैल व डगमगती असली म्हणजे उंदराला तिच्यावर पाय रोवता येत नाही. मुंग्यांसाठी चकतीच्या वर दोरीला एरंडेलात भिजविलेली चिंधी गुंडाळावी व आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा भिजवावी. दोरी अंबाडीची, काथ्याची किंवा सुताची बरी. नायलॉनची दोरी चुलीच्या आचेने वितळते, उन्हाने कुजते व तिची गाठही निसटते.

एका शिंक्यावर एकच भांडे ठेवावे असा काही दंडक नाही. बांबूच्या तीन परड्या एकाखाली एक हातभर अंतरावर दोरांनी बांधल्या, तर एका कडीवर तीन मजले होतात. वरच्या परडीत क्वचित लागणारा जिन्नस, मधल्या परडीत लसूण व सुक्या मिरच्या, आणि खालच्या परडीत रोजची भाजी ठेवावी. लसूण पातीसकट वाळवून तिची वेणी घालून टांगली, तर तिला चारी बाजूंनी वारा लागतो आणि ढिगातल्याप्रमाणे एका सडक्या गड्ड्याने शंभर गड्डे नासत नाहीत. कांदाही थोडा असल्यास असाच टांगावा. पुष्कळ असल्यास त्याला चाळच हवी.

दुसरी बाब बियांची, आणि ती अधिक महत्त्वाची. बियांच्या शास्त्राचा एक ठोकताळा असा आहे की, बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला तर त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, आणि साठवणीच्या जागेची उष्णता ५ अंश सेल्सिअसने कमी केली तरीही ते तितकेच वाढते. हा ठोकताळा ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असता लागू पडतो. आपल्या आज्या हे आकडे जाणत नव्हत्या, पण त्या चुलीवरच्या वाशाला कणसे बांधीत, आणि धूर व कोरडी ऊब यांमुळे सोंड्यांना तेथे थारा मिळत नसे. आज मात्र पुष्कळ घरांत गॅस आला आहे. गॅसला धूर नाही. उलट शिजत्या अन्नाची वाफ वर जाते व कणसाला ओलच लागते. तेव्हा गॅसच्या शेगडीवर बी टांगणे म्हणजे रीत पाळून फळ गमावणे होय. कणसे माजघरात, वारा खेळतो अशा ठिकाणी टांगावी. तापलेल्या पत्र्याच्या लगत टांगू नयेत.

याहून मोठा प्रश्न म्हणजे कोणते बी टांगावे हा. खरिपाचे बी आश्विन-कार्तिकात घरी येते व ज्येष्ठात शेतात जाते. त्याचा मुक्काम कोरड्या महिन्यांतच संपतो. सबब ज्वारी-बाजरीची निवडक कणसे, सोपटासह मक्याची कणसे आणि वेलीवरच वाळलेली दोडकी-घोसाळी खुशाल टांगावी. रब्बीच्या बियांना मात्र सारा पावसाळा घरात काढावा लागतो. हरभरा किंवा गहू पिशवीत घालून टांगला, तर ते बी आषाढ-श्रावणाच्या हवेतील ओल पिऊन घेते. ते कडक वाळवून, काठोकाठ भरलेल्या हवाबंद डब्यातच कोंडावे. तूर, मूग, उडीद ही कडधान्ये खरिपाची असली तरी त्यांना भुंगेऱ्याचा उपद्रव असल्यामुळे त्यांनाही डबाच बरा. थोडक्यात, खरिपाचे कणीस टांगावे आणि रब्बीचे बी कोंडावे, हे ध्यानात असू द्यावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे-बँक आपल्या घरीच उभी केली व २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. यावरून घरच्या साठवणीची योग्यता वाचकांच्या ध्यानी येईल.

तिसरी बाब कागदांची. हिच्याविषयी आम्ही काहीशा अधिकाराने बोलू शकतो, कारण आमचे सारे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. वाळवीने खाल्लेली पावती हाती घेऊन कचेरीच्या पायरीवर बसलेले खातेदार आम्ही पुष्कळ पाहिले. पूर्वी दप्तरे कापडी रुमालांत बांधून ठेवण्याची वहिवाट होती, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांच्या संख्येनेच मोजले जातात. शेतकऱ्याने मात्र रुमालाऐवजी खणांचा पडदा करावा. जाड खादीचे किंवा मांजरपाटाचे २ फूट रुंद व साडेचार फूट लांब कापड घ्यावे. त्यावर दोन-दोन खणांच्या चार ओळी, प्रत्येक खण सुमारे ११ इंच रुंद व १२ इंच खोल, अशा शिवून घ्याव्या. वरच्या व खालच्या दुमडीत बांबूची काठी घालावी, म्हणजे पडदा सुरळी होत नाही. तो भिंतीपासून चार बोटे सुटा राहील असा आतल्या कोरड्या भिंतीवर टांगावा. खणांचा तपशील येणेप्रमाणे:

१. खरेदीखत, वाटणीपत्र यांच्या नकला (मूळ दस्त पत्र्याच्या पेटीत).
२. सात-बारा, आठ-अ, फेरफार व मोजणीचा नकाशा.
३. सोसायटीचे व बँकेचे कर्ज, भरण्याच्या पावत्या.
४. वीज व पाणीपट्टी.
५. चालू हंगामाची बी, खत व औषधांची बिले, पिशवीवरील लेबलांसह.
६. पीकविमा.
७. जनावरांचे कागद.
८. दवाखाना व शाळा.

सात-बारा हरवला तर तो पुन्हा मिळतो. डिजिटल सहीचा उतारा आता घरबसल्याही काढता येतो. नोंदलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. परंतु कर्ज फेडल्याची जुनी पावती किंवा बियांचे बिल गेले तर त्याची भरपाई होणे कठीण. पेरलेले उगवले नाही म्हणजे तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे शेतकऱ्याच्या शब्दाहून बिल, लेबल व पिशवीत राखलेले मूठभर बी यांचाच उपयोग होतो. म्हणून पाचव्या खणाकडे विशेष लक्ष द्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

अवजारांसाठी सायकलची जुनी रिंग फार सोयीची आहे. तिला तीन दोर बांधून ती गोठ्याच्या वाशाला आडवी टांगावी व आरांच्या भोकांत तारेचे आकडे अडकवून त्यांवर खुरपी, दावी, कासरे व मुसकी लावावी. विळे-कोयते मात्र जाण्यायेण्याच्या वाटेवर न टांगता भिंतीच्या खुंटीवर, पाते भिंतीकडे करून ठेवावे.

शेवटी, काय टांगू नये तेही सांगितले पाहिजे. कीटकनाशकांच्या बाटल्या व उंदरांचे विष कोणत्याही शिंक्यात, परडीत वा कापडी खणात ठेवू नये. लेबलावरील तांबडा व पिवळा त्रिकोण जहाल विषाची खूण आहे. पण निळा किंवा हिरवा त्रिकोण असला म्हणून ते औषध निरुपद्रवी ठरत नाही. त्यांची जागा राहत्या घराबाहेर, कुलपाच्या पेटीत. टांगलेली वस्तू मुलांच्या हाती लागत नाही हा समज खोटा आहे. मुलांना पाट व पलंग कसा वापरावा हे कोणी शिकवावे लागत नाही. तसेच पाळण्याच्या कडीवर दुसरा भार, व निजावयाच्या जागेवर जड वस्तू, कधीही नसावी.

ही कामे खर्चाची नाहीत. त्यांना एक दुपार व थोडी दोरी लागते. दसऱ्यापूर्वी घर झाडावयास काढण्याची आपली वहिवाट आहेच. त्या वेळी प्रत्येक दोरीची गाठ ओढून पाहावी, झिजलेली दोरी बदलावी, कागदांना एक दिवस कोरडा वारा द्यावा, आणि कोणती वस्तू कोठे टांगावी याचा निकाल घरच्या गृहिणीवर सोपवावा; कारण ती काढावयाची व ठेवावयाची पाळी तिच्यावरच येते. कचेरीत नक्कल मिळविण्यासाठी पुढे जे हेलपाटे पडतात, त्यांच्यापुढे ही एक दुपार काहीच नव्हे.