बंद पडलेलें ड्रिल आणि दुकानाच्या नांवाचें हत्यार

विजेचें हत्यार बंद पडलें कीं मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. एक तर तें माळ्यावर टाकून तो बाजारांत जातो व त्याच प्रसिद्ध नांवाचें दुसरें हत्यार पुन्हां पूर्ण किंमत मोजून घेऊन येतो. अथवा दुकानदार जें स्वस्त म्हणून पुढें करील तें उचलतो. यंदा आमच्या सुतारकामाच्या वर्गांतील ड्रिल मशीन सत्र चालू असतांच थांबलें, तेव्हां आम्हांस या प्रश्नाचा थोडा बारकाईनें विचार करावा लागला. आमच्या पालकवर्गांत सुतार आहेत, गवंडी आहेत, वायरमन आहेत. त्यांस तो उपयोगी पडेल या हेतूनें येथें मांडीत आहों.

प्रथम, हत्यार बंद पडलें म्हणजे त्यांतील नेमकें काय गेलें हें पाहिलें पाहिजे. हातांत धरावयाचें विजेचें ड्रिल जर्मनींत स्टुटगार्ट येथें फाइन यांच्या कारखान्यांत १८९५ सालीं निघालें. पुढें अमेरिकेंतील बाल्टिमोरच्या ब्लॅक व डेकर या जोडीनें त्यास पिस्तुलासारखी मूठ व बोटानें दाबावयाचा घोडा बसविला. त्याचें पेटंट त्यांस १९१७ सालीं मिळालें. तेव्हांपासून बाह्य रूप पुष्कळ पालटलें, पण वायरवर चालणाऱ्या साध्या ड्रिलच्या पोटांत अजून बहुतेक तीच रचना असते. मध्यें फिरणारें आर्मेचर, त्याच्या एका टोकास तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, आणि त्यावर दोहों बाजूंनीं स्प्रिंगनें दाबून धरलेले कार्बनचे दोन लहान ठोकळे. या ठोकळ्यांवाटे वीज फिरत्या भागांत शिरते. लिहितांना पेन्सिलीचें शिसें झिजावें तसे हे कार्बन झिजत जातात, व एके दिवशीं इतके आंखूड होतात कीं स्प्रिंगचा दाब त्यांस पोंचत नाहीं. मग यंत्र अडखळतें, आंत मोठ्या ठिणग्या दिसतात, बाजूस थाप मारली तर क्षणभर चालतें व पुन्हां थांबतें. अशा स्थितींत ज्यानें नवें यंत्र घेतलें त्यानें कार्बनच्या एका जोडीच्या किंमतीचें काम शेंकडों रुपयांस केलें असें समजावें.

दुसरा वारंवार होणारा दोष मुठीशीं वायर तुटण्याचा. बाहेरून ती धड दिसते, पण वांकवून वांकवून आंतील तांब्याच्या तारा तुटलेल्या असतात. तिसरा स्विचचा. हे तिन्ही दोष बाजारांतील कोणताही चांगला कारागीर घटकाभरांत दूर करतो. (विद्यार्थ्यांनीं मात्र प्लग काढल्यावांचून व शिक्षक जवळ असल्यावांचून कोणतेंही यंत्र उघडूं नये.) परंतु जळक्या व्हार्निशचा उग्र वास आला व आर्मेचरच्या तारा काळ्या पडल्या, तर प्रकरण गंभीर होय. वाइंडिंग पुन्हां करून मिळतें. पण लहान यंत्राच्या बाबतींत त्याचा खर्च व नव्या स्वस्त यंत्राची किंमत यांत फारसें अंतर उरत नाहीं. आमच्या ड्रिलचें आर्मेचरच जळालें होतें, आणि तें बनविणाऱ्या कंपनीनें त्या जातीचे सुटे भाग विकणें बंद केलें होतें. इतक्या नांवाजलेल्या कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती. परंतु तक्रार करून भोंक पडत नाहीं.

अशा वेळीं दुकानदार स्वतःच्या नांवाचा स्वस्त माल दाखवितो. हा प्रकार नवा नाहीं. अमेरिकेंतील सीअर्स नांवाच्या प्रचंड दुकानानें १९२७ सालीं ‘क्राफ्ट्समन’ हें नांव आपलें करून घेतलें व त्याखालीं हत्यारें विकण्यास आरंभ केला. गंमत ही कीं सीअर्स हें दुकान होतें, हत्यारांचा कारखाना नव्हता. निरनिराळे कारखानदार माल तयार करीत व त्यावर क्राफ्ट्समनची मुद्रा उमटे. आजही तोच व्यवहार जगभर चालतो. लोझ या अमेरिकन दुकानाचें ‘कोबाल्ट’, हार्बर फ्रेटचीं ‘बाउअर’ व ‘हर्क्युलिस’, जर्मनींतील लिडलचें ‘पार्कसाइड’ हीं सगळीं दुकानांचींच नांवें होत. हाँगकाँगच्या टेकट्रॉनिक या एकाच कंपनीनें अनेक नांवांचीं हत्यारें बनविलीं आहेत. त्यांत महागडें ‘मिलवॉकी’ही आहे आणि घरगुती कामाचें ‘रियोबी’ही आहे. यावरून दोन्ही हत्यारें सारखींच असा तर्क कोणी करूं नये. एकच शिंपी दोन गिऱ्हाइकांचे कोट शिवतो, पण कापड व अस्तर ज्याच्या त्याच्या पैशाप्रमाणें घालतो. दुकानाच्या नांवावरून कापड कळत नाहीं इतकेंच.

मग तें कशावरून कळावें? पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या आंकड्यांवरून तर मुळींच नव्हे. वॅटचा आंकडा यंत्र किती वीज खातें तें सांगतो, किती काम करतें तें सांगत नाहीं. बॅटरीच्या यंत्रांवर ‘२० व्होल्ट’ असें लिहिलेलें असतें. त्याच शेजारीं ‘१८ व्होल्ट’चें यंत्र ठेवलेलें असतें, व भोळा ग्राहक वीस अधिक म्हणून तें उचलतो. वस्तुतः दोहोंत प्रत्येकीं ३.६ व्होल्टच्या पांच लिथियम घटांची माळ असते; गुणाकार विद्यार्थ्यांनींच करावा. नुकत्याच पूर्ण भरलेल्या घटांचा दाब थोडा चढलेला असतो, तोच वीस म्हणून छापतात.

बॅटरीच्या यंत्रांत याहून मोठी अडचण वेगळीच आहे. एका नांवाची बॅटरी दुसऱ्या नांवाच्या यंत्रास सहसा बसत नाहीं, आणि यंत्राच्या आधीं बहुधा बॅटरीच संपते. सीअर्सनें क्राफ्ट्समन हें नांव २०१७ सालीं स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकर या कंपनीस विकलें. नव्या धन्यानें नव्या धाटणीच्या बॅटरीचीं हत्यारें काढलीं. ज्यांच्या घरीं जुन्या १९.२ व्होल्टचीं धडधाकट यंत्रें होतीं त्यांस ती नवी बॅटरी निरुपयोगी ठरली. नांव तेंच राहिलें, पण बॅटरी बसेना. आणखी एक गोष्ट: क्राफ्ट्समनच्या पान्यांस व पेंचकसांस जन्मभराची हमी असे, ती ऐकून पुष्कळांस वाटे कीं विजेच्या यंत्रांसही तीच असेल, तशी ती नव्हती. हमीचा कागद विकत घेण्यापूर्वीं वाचावा तो याकरितां.

परदेशीं असलेले नातेवाईक सुटींत येतांना असें हत्यार भेट म्हणून आणतात, त्यांच्यासाठीं एक सूचना. अमेरिकेंतील वायरवर चालणारें यंत्र १२० व्होल्टचें असतें. आपल्या २३० व्होल्टवर तें लावलें तर कांहीं क्षणांतच जळून जाईल. जर्मनींतील यंत्रास व्होल्टची अडचण नाहीं, प्लगची मात्र आहे.

एका पालकांनीं, ते वायरमन आहेत, आम्हांस सरळ विचारलें, “सर, निम्म्या किंमतींत मिळतें तें घेऊं काय?” आम्हीं त्यांस उलट विचारलें, “दिवसाला किती भोंकें पाडतां, व कशांत?” ते रोज काँक्रीटच्या भिंती फोडतात. त्यांस साधें ड्रिल, मग तें कोणत्याही नांवाचें असो, पुरावयाचें नाहीं. ठोका देणारें हॅमर मशीनच हवें. त्यांस आम्हीं असें सुचविलें कीं ज्या नांवाचे कार्बन व आर्मेचर आपल्या गांवच्या बाजारांत त्याच दिवशीं मिळतात तेंच घ्यावें, थोडें महाग पडलें तरी हरकत नाहीं. ज्याचें पोट हत्यारावर आहे त्याचें यंत्र आठ दिवस दुरुस्तीस पडलें, तर आठ दिवसांची मजुरी त्या यंत्राच्या किंमतींत मिळवावी लागते, आणि घरांत मुलांची फी त्याच मजुरींतून निघते.

आमच्या वर्गाची गोष्ट निराळी होती. आठवड्यांतून कांहीं तास, तेंही लांकडांत व पातळ पत्र्यांत काम. शिवाय पैसा पालकांच्या फीचा व मंडळीच्या दानाचा. त्याचा हिशेब मनुष्यांसच नव्हे तर प्रभूलाही द्यावयाचा आहे. म्हणून आम्हीं दुकानाच्या नांवाचें, १३ मिलिमीटर चकचें, वायरवर चालणारें ड्रिल घेतलें. घेण्यापूर्वीं दुकानांतच बिट लावून तें चालविलें व बिटाचें टोंक डोलतें काय तें पाहिलें. कार्बनचीं झांकणें बाहेरून उघडतात याची खात्री केली. दुहेरी आवरणाची खूण, म्हणजे चौकोनांतील चौकोन, अंगावर आहे हें पाहिलें. आणि कार्बनची एक जास्त जोडी तेथेंच मागून घेतली. तें अद्याप ठीक चालत आहे. स्विच जरा कठीण आहे, व बारीक बिट लावल्यास टोंक किंचित् थरथरतें. नाजूक कामास आम्ही तें वापरीत नाहीं, त्यासाठीं हातड्रिल आहे.

जुनें यंत्र भंगारांत दिलें नाहीं. त्याचा चक नव्या यंत्राच्या आट्यांस बरोबर बसतो, म्हणून तो काढून ठेवला आहे. वायरही चांगली आहे. राहिलेला सांगाडा नववीच्या मुलांनीं शिक्षकांसमक्ष उघडला असून त्याचें जळलेलें आर्मेचर सध्यां विज्ञानाच्या कपाटांत, वरून दुसऱ्या फळीवर, पाहावयास मिळेल.