बास नव्हे, जिताडा!

वीकएंडला गळ टाकून बसायचा प्लॅन आहे? मग चकचकीत रील बघून भाळू नका. ठाण्याच्या खाडीकाठी एक मासा आणि बरेच पैसे घालवून शिकलेला हा खरेदीचा उलटा क्रम.

सात फुटांची अखंड काठी घेऊन डोंबिवलीला लोकलमध्ये चढायचा प्रयत्न तुम्ही कधी केलाय? मी केलाय. रविवारची सकाळ होती म्हणून वाचलो, नाहीतर ठाण्याला उतरेपर्यंत चार जणांचे चष्मे आणि माझी अब्रू दोन्ही गेलं असतं.

त्याचं असं झालं, रात्री ऑफिसातून आल्यावर जेवताना अमेरिकेतल्या बास फिशिंगचे व्हिडिओ बघायचा मला नाद लागला. शांत तळं, चकाचक बोट, हातात सुंदर रॉड आणि दर पाच मिनिटांनी पाण्याबाहेर उडी मारणारा मासा. दिवसभर एक्सेल शीट बघणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? महिनाभरात बोनस आला आणि मी खरेदीला निघालो. पहिल्यांदा घेतलं लालभडक बेटकास्टिंग रील. त्याला शोभेल असा रॉड घेतला, अखंड, एका तुकड्याचा. मग रीलवर काहीतरी गुंडाळायला हवं म्हणून हाताला लागली ती ब्रेडेड लाइन. कोणता मासा धरायचा हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

त्या रविवारी घोडबंदर रोडला गायमुखच्या बाजूला खाडीकाठी उभा राहिलो. पहिला तासभर मासेमारी झालीच नाही. बेटकास्टिंग रीलचा स्पूल फेकताना स्वतः फिरतो. तो लाइनपेक्षा जोरात फिरला की क्षणात दोरीचं घरटं होतं. माझी अशी सात-आठ घरटी झाली. शेवटी एकदा लुअर बऱ्यापैकी लांब गेला. दोन-तीन वेळा रील फिरवलं असेल नसेल, आणि कुणीतरी दोरीला हिसका दिला. एक चंदेरी, रुंद अंगाचा मासा अर्धा पाण्याबाहेर आला, डोकं झटकलं, आणि टक्कन आवाज. दोरी सैल. संपलं.

शेजारी एक काका बसले होते. त्यांच्याकडे रॉड नव्हता की रील नव्हतं, नुसती प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस. ते म्हणाले, ‘‘जिताडा व्हता. मोठा व्हता रं पोरा. पण तू त्याला धावायलाच नाय दिलंस.’’

मासा गेल्याचं वाईट वाटलं, पण त्याहून वाईट वाटलं ते घरी येताना. माझ्या लुअरला तीन तोंडांचे दोन गळ होते. म्हणजे सहा टोकं तोंडात घेऊन तो मासा खाडीत फिरत होता, आणि हे माझ्या चुकीच्या शॉपिंगमुळे. त्या दिवशी ठरवलं, आता शिकायचं तर नीट शिकायचं.

आधी मासा

अमेरिकेतला लार्जमाउथ बास आपल्याकडचा नाही. मग आपला बास कोण? खाडीत तो मान जिताड्याचा. गोव्यात त्याला चणक म्हणतात, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. इंग्रजीत तर त्याचं नावच एशियन सीबास आहे. भरतीच्या पाण्यात दगड, खांब, तिवरांची मुळं अशा आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोरून जाणारी बोय किंवा कोलंबी एका घोटात ओढायची, हा त्याचा खाक्या. गोड्या पाण्यात हीच भूमिका मरळ करतो. तो शेवाळात, कमळाच्या पानांखाली लपतो आणि बेडकावर झडप घालतो. आणि नुसतं निवांत बसायचं असेल तर तिलापिया किंवा रोहू आहेतच.

‘आधी मासा बघा’ हा सल्ला काही नवा नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. कोणते मासे, कुठल्या पाण्यातले, त्यांना काय खायला घालायचं, हे सगळं राजानं तपशीलवार सांगितलंय. कल्याणकरांनी लगेच कॉलर ताठ करू नये. सोमेश्वराची राजधानी असलेलं कल्याण म्हणजे कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण!

मग दोरी

दुकानात आपण सगळ्यात कमी वेळ लाइनवर घालवतो, आणि मासा आणि आपल्यामध्ये असते ती फक्त लाइन. तिचे प्रकार तीन.

मोनोफिलामेंट म्हणजे आपली नायलॉनची तंगूस. स्वस्त, गाठ चांगली बसते, आणि ताणली जाते. हा ताण नवशिक्याचा मित्र आहे, कारण माशाचा हिसका आणि आपली घाई दोन्ही ती थोडीफार पचवते. पण ती ऊन खाते, पाणी पिते आणि स्पूलवर राहून राहून गुंडाळ्या धरते. म्हणून दर सीझनला बदलायची.

ब्रेड म्हणजे पॉलिएथिलिनच्या बारीक तंतूंची वीण. तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा जाडी साधारण निम्मी, त्यामुळे लांब जाते. ताण जवळजवळ शून्य, त्यामुळे माशानं नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. तोटाही तोच, हिसका बसला तर तो पचवायला मध्ये कुणी नसतं. शिवाय ब्रेड गुळगुळीत असते, साधी गाठ तिच्यावरून घसरते. रिकाम्या स्पूलवर थेट गुंडाळली तर सगळी लाइन एकगठ्ठा गोल फिरते, म्हणून खाली थोडी नायलॉन घ्यायची.

फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसते, बुडते आणि घासली तरी टिकते. ती पूर्ण रीलभर घ्यायची गरज नाही. लीडर म्हणून, म्हणजे ब्रेड आणि गळ यांच्या मधला दोन-तीन फुटांचा तुकडा म्हणून, ती बेस्ट. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. माझी उघडी ब्रेड तिथं किती वेळ टिकणार होती?

लाइनच्या पाकिटावरचे पौंड म्हणजे माशाचं वजन नव्हे, तर दोरी तुटायचा ताण. 20 पौंड म्हणजे 9 किलो. जिताड्यासाठी 20 ते 30 पौंडांची ब्रेड आणि 30 ते 40 पौंडांचा लीडर पुरतो. मरळ शेवाळातून खेचून काढावा लागतो, म्हणून तिथं 30-40 पौंडांची ब्रेड. तळ्यातल्या तिलापियाला 6 ते 10 पौंडांची नायलॉन भरपूर झाली.

मग रॉड

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात सगळी कुंडली लिहिलेली असते. लांबी, पॉवर, लाइन किती पौंडांची, लुअर किती ग्रॅमचा. घेताना आधी हे वाचा, रंग नंतर बघा.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. लाइट, मीडियम, मीडियम हेवी अशी ती चढत जाते. अॅक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो. फास्ट असेल तर फक्त टोकाकडून, मॉडरेट असेल तर मधल्या भागापर्यंत. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, दुकानात बऱ्याचदा एकच समजून सांगतात. खाडीत लुअर फेकायला सात फुटांच्या आसपासचा, मीडियम हेवी, फास्ट आणि साधारण 10 ते 30 ग्रॅमचे लुअर पेलणारा रॉड घ्या. तळ्यासाठी सहा-साडेसहा फुटी मीडियम लाइट.

आता आपल्या खास लोकल अटी. रॉड दोन तुकड्यांचा घ्या. सात फुटी रॉडचे साडेतीन फुटी दोन तुकडे पीव्हीसी पाइपात घातले की गर्दीतही निभतं. चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड आणखी सोयीचा. टेलिस्कोपिक रॉड बॅगेत मावतो, पण त्याला सांधे फार. दिवसभर लुअर फेकत राहायला तो बरा नाही.

आणि हे विनोदानं घेऊ नका. बहुतेक रॉड कार्बनचे असतात, कार्बनमधून वीज वाहते, आणि लोकलच्या ओव्हरहेड वायरमध्ये 25,000 व्होल्ट असतात. प्लॅटफॉर्मवर, रुळांजवळ, रेल्वे पुलावर रॉड जोडायचा नाही म्हणजे नाही. वीज कडाडायला लागली की काठावरसुद्धा रॉड खाली ठेवायचा.

रील सगळ्यात शेवटी

बेटकास्टिंग रील वाईट नाही. हे गुणक रील पहिल्यांदा बनवण्याचं श्रेय अमेरिकेतल्या केंटकीच्या एका घड्याळजीला दिलं जातं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. घड्याळजीचंच काम ते, नजाकत हवी. सुरुवात मात्र स्पिनिंग रीलनं करा. त्याचा स्पूल फेकताना फिरत नाही, त्यामुळे घरटी फार कमी. रॉडही स्पिनिंगचाच हवा, कारण त्याच्या कड्या खालच्या बाजूला आणि मोठ्या असतात.

साइज? तळ्यासाठी 2000-2500, खाडीसाठी 3000-4000. बेअरिंग किती आहेत यावर जाऊ नका. डझनभर हलक्या बेअरिंगपेक्षा चार-पाच चांगली बरी. त्याऐवजी ड्रॅग बघा. लाइन हळूहळू ओढा, ती गुळगुळीत सुटते की अडखळत?

काकांचं ‘धावायला नाय दिलंस’ म्हणजे हेच. मासा सुटू नये म्हणून मी ड्रॅग पूर्ण आवळला होता. नियम उलटा आहे. लाइन तुटायच्या ताणाच्या पाव ते एक तृतीयांश ताणावर ड्रॅग सुटायला हवा. 20 पौंडांच्या लाइनला सव्वादोन ते तीन किलो. मोजायचं कसं? विमानप्रवासाला बॅग तोलायचा हुकाचा काटा असतो ना, तो लाइनला अडकवा आणि रॉड धरून ओढा. दोन मिनिटांचं काम.

घरी आल्यावर रीलवर नळाचं पाणी हलकेच सोडायचं, जोराचा फवारा नाही, नाहीतर खारं पाणी आत जातं. मग पुसून ड्रॅग सैल करून ठेवायचा.

खाडीचं घड्याळ

खाडीत मासा भरती-ओहोटीच्या वेळा पाळतो. आजीला विचारा, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, त्याचे पाऊणपट तीन, म्हणजे मुंबईत तीनच्या सुमारास भरती. खाडीत आत, कल्याणकडे, ती आणखी उशिरा पोचते. पाणी चढताना किंवा उतरताना, वाहतं असताना गळ टाका. उधाणाच्या दिवशी गाळात आणि निसरड्या दगडांवर उतरू नका.

जागेचंही बघा. ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथं गळ नको. तलावांवर मासेमारीचा हक्क अनेकदा सोसायटीचा किंवा ठेकेदाराचा असतो, आधी विचारा. पवईला अँगलिंगची जुनी संघटना आहे, तिथं रीतसर सभासद होऊन शिकता येतं. पावसाळा हा बऱ्याच माशांचा विणीचा काळ, तेव्हा रॉड माळ्यावर. आणि उल्हास नदीत, खाडीत काय काय सोडलं जातं ते आपण नाकानं जाणतोच. तिथला मासा मी खात नाही.

पहिला सेट, खाडीसाठी

- 20 पौंडी ब्रेड, खाली थोडी नायलॉन
- 30 पौंडी फ्लुरोकार्बन लीडर
- सात फुटी, दोन तुकड्यांचा मीडियम हेवी स्पिनिंग रॉड
- 3000 किंवा 4000 साइजचं स्पिनिंग रील
- तीन-चारच लुअर, तीन तोंडी गळ काढून एकेरी गळ लावलेले, काटा पक्कडीनं दाबून
- लांब नाकाची पक्कड, टोपी, पाणी

माझा हा दुसरा सेट साडेपाच हजारांत झाला. पहिल्या लाल रीलच्या निम्म्यात!

दिवाळीनंतर मी पुन्हा गायमुखला गेलो. ओहोटी लागली होती. दुपारभर काही नाही, आणि ऊन कलताना तोच हिसका. या वेळी रील करकरलं, दोरी सुटत गेली, मी हात आवरून उभा राहिलो. तो धावला, थांबला, पुन्हा धावला. पाच-सात मिनिटांनी काठाला आला. मोजला, 52 सेंटीमीटर. जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणजे हा बहुधा अजून नरच, पुढच्या विणीची आशा. एकेरी गळ पक्कडीनं एका झटक्यात निघाला. पाण्यात धरून ठेवला, शेपटी हलली आणि गेला.

काका त्या दिवशीही होते. म्हणाले, ‘‘सोडलास? बायकोला काय सांगशील?’’

बायकोला खरं सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘मग साडेपाच हजार कशाला घातलेस?’’ उत्तर अजून शोधतोय. येत्या रविवारी ती सोबत येतेय. तिच्यासाठी एक साडेसहा फुटी मीडियम लाइट बघून ठेवलाय, पण आधी लाइन घेईन.