निळा चंद्र आणि ईदचा चांद

इंग्रजीच्या पुस्तकात कधी कधी असे वाक्य येते की त्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, पण अर्थ मात्र लागत नाही. उदाहरणार्थ, 'ही व्हिजिट्स अस वन्स इन अ ब्लू मून.' शब्दकोश उघडला तर ब्लू म्हणजे निळा आणि मून म्हणजे चंद्र. मग हा पाहुणा निळ्या चंद्रावरून येतो की काय?

अशा शब्दसमूहाला मराठीत वाक्प्रचार म्हणतात. उर्दूत आपण त्याला मुहावरा म्हणतो. त्याचा अर्थ सुट्या शब्दांत शोधायचा नसतो. सगळ्या शब्दांचा मिळून तो एकच असतो. चोर 'नौ दो ग्यारह' झाला असे ऐकल्यावर तुम्ही बेरीज करत बसता का?

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे फार क्वचित. आता हा निळा चंद्र कुठला ते पाहू. इंग्रजी महिने बहुतेक ३० किंवा ३१ दिवसांचे असतात. दोन पौर्णिमांमधले अंतर मात्र सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे असते. त्यामुळे एखाद्या महिन्याच्या आरंभी एक पौर्णिमा येते आणि महिना संपता संपता दुसरी. ऑगस्ट २०२३ मध्ये असेच झाले होते. या दुसऱ्या पौर्णिमेच्या चंद्राला 'ब्लू मून' म्हणण्याची रीत विसाव्या शतकात पडली. वाक्प्रचार त्याहून जुना आहे. हा योग साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो. त्या रात्री चंद्र काही निळा दिसत नाही, नेहमीसारखाच दिसतो. गंमत अशी की, हिजरी महिन्यात हा योग कधीच येणार नाही. तो महिना एका चंद्रकोरीपासून पुढच्या चंद्रकोरीपर्यंतच असतो. त्यात चौदावीचा चांद एकच!

बऱ्याच दिवसांनी मित्र भेटला की आपण म्हणतो, 'तुम तो ईद का चाँद हो गए!' मराठी माणूस अशा वेळी म्हणेल, 'काय हो, तुम्ही तर उंबराचे फूल झालात!' उंबराची फुले फळाच्या आत दडलेली असतात, म्हणून ती कोणाला दिसत नाहीत. भाव जवळपास तोच आहे. पण एक फरक नीट लक्षात ठेवा. ईदचा चांद आणि उंबराचे फूल आपण माणसाला म्हणतो. इंग्रजीत मात्र मित्राला 'यू आर अ ब्लू मून' म्हटले तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. एखादी गोष्ट किती वेळा घडते, एवढेच हा वाक्प्रचार सांगतो. परीक्षेत पुष्कळांचे गुण इथेच जातात.

काही वाक्प्रचार तिन्ही भाषांत सारखे आहेत. 'बेल द कॅट' म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे. 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे मगरमच्छ के आँसू, मराठीत नक्राश्रू. हे पाठ करावे लागत नाहीत.

'ॲपल ऑफ हर आय' मात्र फसवा आहे. जुन्या इंग्रजीत डोळ्याच्या बाहुलीलाच ॲपल म्हणत, कारण ती फळासारखी गोल समजली जाई. म्हणून फार लाडका तो 'ॲपल ऑफ द आय'. आपण म्हणतो, आँखों का तारा. मराठीत म्हणतात, गळ्यातला ताईत. ताईत हा शब्द ओळखीचा वाटला ना? तो आपला तावीजच आहे.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हा वाक्प्रचार वह्यांमध्ये फार आवडीने लिहिला जातो. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या पुस्तकात तो आढळतो. पण आज बोलताना इंग्रज माणसे बहुधा साधेच बोलतात, 'इट्स पोअरिंग.' मराठीतला मुसळधार पाऊस आणि उर्दूतली मूसलाधार बारिश यांतले मुसळ मात्र एकच.

अर्थ कळला तरी वाक्प्रचार कुठे वापरावा, हे वेगळेच शिकावे लागते. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, असे पुस्तकात लिहिलेले असते. तेवढे वाचून कोणी मित्राच्या आजोबांच्या निधनानंतर 'युवर ग्रँडफादर किक्ड द बकेट' असे पत्र लिहिले तर? मराठीत 'तुझा आजा खपला' म्हटल्यासारखे ते होईल. उर्दूत अशा वेळी आपण 'इंतकाल फरमा गए' म्हणतो. मराठीत 'निधन झाले' म्हणतात; मुस्लिम व्यक्तीबद्दल 'पैगंबरवासी झाले' असेही लिहितात. इंग्रजी पत्रात 'पास्ड अवे' लिहावे.