नादुरुस्त भाग आणि उड्डाण

प्रवासी विमानाचा एखादा भाग बिघडला, म्हणजे ते उडूच शकत नाही, असे नाही. कारण महत्त्वाची पुष्कळ यंत्रे त्यात दुहेरी असतात. कोणता भाग बंद असताना, कोणत्या अटींवर उडावे, याची यादी विमान कंपनी करते. भारतात तिला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. हवामानदर्शक रडार बंद असेल, तर वादळाचा संभव नसलेल्या मार्गानेच जावे लागते. दुरुस्तीलाही मुदत असते : काही भागांना 3 दिवस, काहींना 10. पंख, सुकाणू यांसारखे अत्यावश्यक भाग मात्र शाबूतच हवेत. यादीने परवानगी दिली, तरी धोका वाटल्यास मुख्य वैमानिक उड्डाण नाकारू शकतो. शेकडो प्रवाशांचे प्राण त्याच्या निर्णयावर अवलंबून असतात.