काढा उपाशीपोटी, गोळी जेवून

जळगाव-धुळे पट्ट्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावी उतरा, बस स्टँडजवळ एक दवाखाना असतोच. पाटीवर डॉक्टरांच्या नावाखाली बी.ए.एम.एस. टेबलावर स्टेथोस्कोप. मागच्या कपाटात एका खणात त्रिफळा चूर्ण आणि महासुदर्शन काढा, दुसऱ्यात पॅरासिटामॉल आणि अँटिबायोटिक. पेशंट कपाटाकडे बघतही नाही. अंगात ताप आहे आणि उद्या कापूस वेचायला जायचं आहे, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. "डॉक्टरसाहेब, येक सुई टोची द्या."

याच माणसाला कावीळ झाली, की तो या दवाखान्याची पायरी चढेलच असं नाही. गावोगाव काविळीचं औषध देणारं एखादं घर ठरलेलं असतं. ठरलेल्या वारी, उपाशीपोटी पाला वाटून देतात. बऱ्याच ठिकाणी पैसे घेत नाहीत, नारळ चालतो. कुठे गळ्यात काड्यांची माळ घालतात. माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली. माळ लांबते, कारण ओल्या काड्या वाळून आक्रसतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल होतात. कावीळ उतरते, कारण दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. पण म्हणून सगळा पाला निरर्थक ठरवून मोकळं होण्याइतकं प्रकरण सोपं नाही. हेपॅटायटिस बी चा विषाणू शोधणाऱ्या, नोबेल मिळालेल्या बारूख ब्लूमबर्ग यांनीही काविळीवर देतात त्या भुईआवळीचा नाद धरला होता. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिच्याबद्दल आशा वाढवणारे निष्कर्ष छापून आले. पुढच्या चाचण्यांत मात्र ते टिकले नाहीत. तपासून बघितलं, हे महत्त्वाचं.

पाय मुरगळला तर हाडवैद्य, पण रॉड टाकायचा म्हटलं की धुळ्याचं नाहीतर जळगावचं हॉस्पिटल. खरूज-नायट्याला चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवाच्या गरम झऱ्यात आंघोळ, आणि पिशवीत मेडिकलमधून घेतलेली ट्यूब. पॅथी कुठली, हे इथे आजार ठरवतो. आणि हातात किती दिवस आहेत, किती पैसे आहेत, ते ठरवतात.

चीनमधल्या कुटुंबांतही हेच चालतं, आणि भाषासुद्धा चकित व्हावं इतकी आपल्यासारखी. पाश्चात्त्य औषध फांदी छाटतं, चिनी औषध मुळाला हात घालतं, अशा अर्थाचं तिकडे सर्रास बोललं जातं. आपल्याकडे 'ॲलोपॅथी आजार दाबते, आयुर्वेद मुळासकट काढतो' हे तर ओट्यावरचं वाक्य. घसा बसला, तोंड आलं की चिनी आई म्हणते, अंगात आग चढली. खान्देशी आई गोळीचं पाकीट हातात घेऊन विचारते, "हाई गोळी गरम पडस का?" गोळी कारखान्यातली, पण तिचा हिशेब उष्ण-शीतानं आणि पथ्यानंच चालतो. खाली कुठलं रसायन आहे, हा प्रश्न घरात उठतच नाही.

फरक आहे तो सरकारांत. चीननं १९५६ पासून पारंपरिक वैद्यकाची स्वतंत्र महाविद्यालयं काढली आणि पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेल्यांना चिनी वैद्यक शिकवण्याचे वर्गही चालवले. औषधशास्त्र शिकलेल्या तू योयो यांनी असाच अडीच वर्षांचा अभ्यासक्रम केला. पुढे मलेरियावर औषध शोधण्याचं गुप्त लष्करी काम त्यांच्याकडे आलं. ते काम २३ मे १९६७ ला सुरू झालेलं, म्हणून त्याचं नाव 'प्रकल्प ५२३'. चिंगहाव नावाची वनस्पती तापावर जुन्या ग्रंथांत होती, पण प्रयोगशाळेतला अर्क कधी चाले, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पुस्तकातली कृती त्यांनी पुन्हा वाचली. मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवून पिळायची होती. उकळायचा उल्लेखच नव्हता. उष्णतेनंच गुण जात असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरमध्ये काढलेला अर्क लागू पडला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं आणि २०१५ चं नोबेल. धुळ्याच्या आयुर्वेद महाविद्यालयातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा भेद नवा वाटणार नाही: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट असे पाच कल्प त्याला पाठ असतात. उकळलेला तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. थंड पाण्यात भिजवून गाळलेला तो हिम. गे होंग यांची कृती हिमाच्या जवळची. आपण मात्र झाडपाला दिसला की आधी पातेलं गॅसवर ठेवतो.

महाराष्ट्रात दोन पॅथी जवळ आल्या त्या निकडीपोटी. खेड्यात एम.बी.बी.एस. जात नव्हता, बी.ए.एम.एस. गेला. १९९२ च्या अधिसूचनेनं आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधं वापरायची वाट दिली. १९९६ मध्ये मुंबईच्या एका खटल्यात ॲलोपॅथीची औषधं देणाऱ्या होमिओपॅथ डॉक्टरला सर्वोच्च न्यायालयानं दोषी धरलं; २०१४ मध्ये राज्यानं कायदा बदलून होमिओपॅथांना एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर तीच परवानगी दिली. २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्यचिकित्सकांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी निघाली, तेव्हा ११ डिसेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी देशभर काम बंद ठेवलं. या भांडणात दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं, आणि दोन्ही बाजू एक गोष्ट सोयीनं विसरतात. १०८ च्या रुग्णवाहिकेत मागे बसलेला डॉक्टर बहुधा बी.ए.एम.एस.च असतो. नवसंजीवनी योजनेतल्या भरारी पथकाची गाडी घेऊन सातपुड्याच्या पाड्यांवर जाणारा मानसेवी डॉक्टरही तोच. त्याच्याकडून पॅथीची शुद्धता मागणाऱ्यांनी एकदा शिरपूरच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात जाऊन यावं.

धोका मला दुसरीकडेच दिसतो. चीनमध्ये मोठ्या सरकारी रुग्णालयात दोन्ही विभाग असतात, त्यामुळे काढाही नोंदीत येण्याची शक्यता असते. आपल्या केसपेपरवर 'घरी काय घेता?' अशी ओळच नाही. डॉक्टर विचारत नाही; पेशंट सांगत नाही, रागावतील म्हणून. कोरोनाच्या काळात घराघरात गुळवेल उकळली गेली. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांमध्ये यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं ती वनस्पती दुसरीच असेल, असं उत्तर दिलं. वाद राहू द्या. खोकल्यासाठी महिनोन्महिने चघळलेलं साधं ज्येष्ठमधसुद्धा रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. बीपीची गोळी वाढवून देणाऱ्या डॉक्टरला ते कळणार कुठून?

सुईचंही गमतीदार आहे. खान्देशात सुई म्हणजे इंजेक्शन. औषध नसलेली चिनी सुई भारतात रुजवली ती डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच ते एक. कोटणीस परतले नाहीत, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले; बसू मागाहून पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. सुईच्या हट्टात मात्र त्यानं फरक पडलेला नाही.

आणि चिंगहाव? ते केव्हाच सातपुड्यात पोचलं आहे. मेंदूपर्यंत जाऊ शकणाऱ्या फॅल्सिपेरम मलेरियावर सरकारी कार्यक्रमात जी गोळ्यांची पट्टी मिळते, तिच्यातला आर्टेसुनेट हा त्याच वनस्पतीच्या अर्कातून निघालेला. चोपडा-यावलच्या पाड्यावर त्या पट्टीला 'इंग्रजी औषध' म्हणतात. पोराच्या मनगटात बडव्यानं, म्हणजे पाड्यावरच्या भगतानं, मंतरलेला दोरा असतो आणि आशाताईच्या पिशवीत ही पट्टी. तीन दिवसांचा कोर्स. पहिल्याच दिवशी ताप उतरतो, म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी फडताळात जायची भीती. आशाताई एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावते: उपाशीपोटी देऊ नका. बडव्याचा पाला तर उपाशीपोटीच घ्यायचा असतो. पोराच्या आजीला यात काही अडचण दिसत नाही. दिवस उगवायला ती पाल्याचा रस पाजते, मग चुलीवर भाकर टाकते, आणि पोराचं खाणं झालं की पट्टी फोडते.